चिंचेनं घासलेला माइक

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "काशीतल्या मोठमोठ्या गवयांपुढे आपण माइक लावलेत, तर त्यांच्या आठवणी अवश्य लिहा." आता खरं सांगायचं तर गवई मंचावर असत तेव्हा मी मंचाच्या मागे, ॲम्प्लिफायरच्या डब्यापाशी उकिडवा बसलेला असे. त्यामुळे मला गवयांचे चेहरे कमी आणि तळपाय जास्त आठवतात. तळपायांवर लेख होत नाही. म्हणून मी ज्यावर आयुष्य काढलं त्या माइकबद्दलच लिहितो, आणि त्यातही एका माइकबद्दल, ज्याला मी प्राणापलीकडे जपत होतो.

आम्ही ब्रह्मा घाटावरचे. घरात सात पिढ्या वेद म्हणण्याची परंपरा. आठव्या पिढीनं, म्हणजे मी, चौकातल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाळकाम शिकून भोंगे लावायचा धंदा काढला. वडील म्हणाले, "आपल्या घराण्यात आवाज नेहमीच मोठे होते. तुझ्याच आवाजाला तारा कशाला लागतात?" राज्य इंग्रजांचं होतं, लढाई तोंडावर आली होती, आणि भोंगा लावायचा तर ठाण्यातून परवाना काढावा लागे. परवान्यात कोण बोलणार त्याचं नाव लिहायचं. न जाणो, कीर्तन म्हणून परवाना घ्यायचा आणि मंचावरून सरकारच्या नावानं शंख करायचा, अशी साहेबाला धास्ती. त्यासाठी एक दरोगा प्रत्येक कार्यक्रमाला वही घेऊन येई आणि पहिल्या रांगेत बसे. एवढं संगीत आणि एवढी हरिकथा फुकट ऐकलेला माणूस अख्ख्या बनारसमध्ये दुसरा नसेल.

पहिला माइक माझ्याकडे कोळशाचा होता. त्यात कोळशाची भुकटी असे, आणि तो कायम कढईत काहीतरी तळल्यासारखा चुरचुरत राही. मधूनच गप्प झाला की त्याला टिचक्या माराव्या लागत. मग आला डायनॅमिक माइक. आत एक लोहचुंबक, त्याच्या फटीत बारीक तारेची गुंडाळी, आणि गुंडाळीला चिकटवलेला पातळ पडदा. आवाजानं पडदा हलतो, पडद्याबरोबर गुंडाळी हलते, आणि तारेत वीज उमटते. बस, इतकंच. भोंग्याच्या पोटातही तोच संसार असतो, फक्त उलटा: तिथे वीज आत येते आणि पडदा हलून आवाज बाहेर पडतो. माइक आणि भोंगा ही एकाच आईची लेकरं. एकाला ऐकायला शिकवलंय, दुसऱ्याला बोलायला. वेळ पडली तर भोंग्यालाही ऐकायला लावता येतं, हे मी तेव्हाच शिकलो होतो. ते उपयोगी कधी पडेल हे मात्र माहीत नव्हतं.

हा डायनॅमिक मोठा दणकट गडी. एकदा माझ्या हातून सुटला आणि घाटाच्या सतरा पायऱ्या मोजत खाली गेला. उचलून लावला तर जसाच्या तसा बोलला. त्या दिवसापासून मी लोकांना छाती फुगवून सांगे, "दगडावर आपटा, काही होत नाही."

त्याचा एकच मंत्र आहे: अंतर. गाणाऱ्यानं किंवा बोलणाऱ्यानं चार बोटांवर राहायचं. जवळ आलं की आवाजाला अंग येतं, खर्ज भरतो. लांब गेलं की आवाज पातळ होतो. अगदी ओठ टेकवले तर मात्र नुसते फटाके. वाद्यांचा हिशेब वेगळा. तबल्याला वीतभर वरून, सतारीला भोपळ्यासमोर हातभर लांब, आणि शहनाईला तर चांगलं दोन हात.

शहनाईचं हे मला एका उस्तादांनी शिकवलं. पहिल्याच दिवशी त्यांनी शहनाईचं तोंड थेट माइकला लावलं, त्यात काही ओतायचं असावं तसं. भोंगे असे किंचाळले की मंगला गौरीच्या देवळावरची कबुतरं पंचगंगा घाटावर जाऊन बसली. मी माइक काढून त्यांच्या गुडघ्यांसमोर, जरा बाजूला ठेवला. उस्तादांनी माझ्याकडे असं पाहिलं! म्हणाले, "मियाँ, बाजा हम मुँह से बजाते हैं, घुटने से नहीं." पण दहा मिनिटांत त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. तार सप्तकात गेले की आपोआप मागे झुकत, खाली आले की हळूच पुढे. उठताना म्हणाले, "तुम्हारी मशीन सुनती अच्छा है, समझती कुछ नहीं." माइकची याहून चांगली व्याख्या मी पुस्तकातही वाचली नाही.

दुसरी अडचण अशी की माइक एक आणि मंचावरची माणसं चार. एक सारंगिये होते. चेहऱ्यावर साक्षात समाधी. पण उजव्या पायाच्या अंगठ्यानं माइकचा स्टँड इंचाइंचानं आपल्याकडे ओढत. विलंबित संपेपर्यंत स्टँड सारंगीसमोर आणि गवई माइकच्या पाठीशी! मध्यंतरात मी स्टँड परत ठेवायचा, त्यांनी परत ओढायचा. शेवटी मी स्टँड मंचाला खिळ्यानं ठोकला. त्या दिवशी सारंगी बेसूर वाजली असं त्यांनी सगळीकडे सांगितलं, आणि दोष माझ्या खिळ्याला दिला.

आता मुख्य गोष्ट. आमच्या मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात विष्णुबुवांचं कीर्तन असे. त्यांच्या वडिलांच्या पश्चात तीस वर्षं तेच करत. पण वय झालं तसा आवाज बसला. मागल्या साली तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द पोचेना, आणि उत्तररंगाला लोक उठून घाटावर वारा खायला गेले. उत्सवाच्या चिटणीसांनी बुवांना सभ्य शब्दांत सांगितलं की यंदा लोक बसले तर ठीक, नाहीतर पुढल्या साली ग्वाल्हेरहून तरुण बुवा बोलावू. बुवा माझ्याकडे आले. "दामोदर, माझ्याकडे दुसरं काही नाही रे. एवढं एक कीर्तन आहे." मी म्हटलं, "बुवा, गंगेच्या पैलतीरावर ऐकू जाईल." शब्द देऊन बसलो.

बुवांनी पंधरा दिवस तालीम केली. कीर्तनकाराला नाचायची सवय, आणि माइकसमोर तर जागचं हलायचं नाही. म्हणून घरी एका काठीवर पितळी लोटी उपडी घालून, तिच्यापासून चार बोटांवर उभे राहून ते अख्खं आख्यान म्हणत. आख्यान हरिश्चंद्राचं. काशीत दुसरं कुठलं चालणार?

कीर्तन बुवांच्याच घराच्या चौकात, दुपारी चारला. एक बाजू घाटाकडे उघडी. तिकडे तोंड करून मी दोन मोठे भोंगे लावले. बायका वरच्या सज्जात, चिकाच्या, म्हणजे बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड बसत. भोंग्यांची पाठ तिकडे, म्हणून बुवांच्या थोरल्या विधवा बहिणीनं, गोदाआत्यांनी मला आधीच दटावलं होतं, "बायकांनी काय कान घरी ठेवून यायचं?" त्यांच्यासाठी मी लाकडी खोक्यातला एक छोटा भोंगा वर ठेवला. दुपारी बाराला सगळं जोडून, गणपतीसमोर माइक उभा करून मी जेवायला घरी गेलो.

साडेतीनला येतो तर स्टँडवर माइक नाही! पाहतो तो चौकाच्या उन्हात केळीच्या पानावर एक रांग मांडलेली: ताम्हन, अभिषेकपात्र, दोन समया आणि माझा माइक. पुढची पितळी जाळी अशी चमकत होती की बघवेना.

"आत्या, हे काय?"

"बघ, कसा लख्ख झालाय!" गोदाआत्या पदराला हात पुसत म्हणाल्या. "अरे दामू, केवढं पान लागलं होतं त्याला! कोण्या पानखाऊच्या तोंडातलं जूठं यंत्र तू नैवेद्याच्या शेजारी आणून उभं केलंस? चिंच लावून घासला, आणि तीन पाण्यांतून काढला. नळाचं नाही बरं, गंगेचं."

त्यांचंही खोटं नव्हतं. आदल्या दिवशी एका रईसाच्या बागेत बनारसी गवई गायले होते, गालात पान धरून. 'प' आणि 'ब' आले की जाळीवर होळी. ती पुसायची मीच विसरलो होतो. माइक उचलून कानाशी हलवला, तर आत पाणी खळखळलं. सतरा पायऱ्या पचवलेला गडी तीन पाण्यांत गेला. दगडाचं मी सगळ्यांना सांगितलं होतं, पाण्याचं कोणालाच नाही. तारेला जोडला, टिचकी मारली, ओरडलो, हात जोडले. हूं नाही की चूं नाही.

चार वाजले. बुवा पागडी घालून उभे राहिले, मेलेल्या माइकपासून बरोबर चार बोटांवर. मला त्यांच्याकडे बघवेना. नमनाला सुरुवात झाली आणि तिसऱ्या रांगेपासून मागचे कानाशी हात नेऊ लागले. चिटणीसांनी खिशातून घड्याळ काढलं. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले दोघं-चौघं उठलेही. आणि तेव्हा मला ती एका आईची लेकरं आठवली.

मी सज्जाखाली धावलो. "आत्या, वरचा खोका खाली सोडा! लवकर!"

"मग आम्ही काय ऐकायचं?"

"बुवा तुमच्या नाकाखालीच तर आहेत!"

बनारसच्या बायका वरच्या मजल्यावरून दोरीनं टोपली सोडून भाजी घेतात. आत्यांनी तीच टोपली घेतली, खोका तिच्यात बसवला आणि सोडायला लागल्या. मी इकडे खोक्याची तार भोंग्याच्या जागेवरून उपटून माइकच्या जागी खुपसली. पण तार खांबाला बांधलेली, ती पुरेना. टोपली अर्ध्यावरच अडकली: बुवांच्या पागडीच्या वर दोन हात, आणि सज्जाच्या कठड्याच्या खाली दोन हात. तेवढ्यात भोंगे खरखरले आणि बुवांचा आवाज घाटावर गेला. थोडा पातळ, पण स्वच्छ. उठलेले लोक परत बसले. मी वर बघून खूण केली, धरून ठेवा, हलवू नका. आत्यांनी दोरीला तळहाताचा वेढा दिला आणि कठड्याला तोंड लावून बसल्या.

दोन हात वर, दोन हात खाली. यंत्राला कुणाचं ऐकायचं ते कळत नाही, हे उस्तादांनी मला सांगून ठेवलं होतं. थोड्याच वेळात बुवांच्या रसाळ निरूपणात भोंग्यांतून दुसराच आवाज, गोदाआत्यांचा, मिसळला: "मथुराबाई, जरा सरका. आणि तुमच्या लाडवांचा पाक कच्चा राहिलाय हो, दाताला चिकटतोय."

घाटावर हशा पिकला. भोंगे बाहेर तोंड केलेले, त्यामुळे आत बुवांना किंवा वर बायकांना काही कळलं नाही. बुवांना वाटलं आपला विनोद साधला. बापडे खूश होऊन तोच विनोद पुन्हा सांगते झाले. मी काय करणार? कान एकच, तार एकच. आवाज कमी करावा तर दोघांचाही कमी.

मग लक्षात आलं की वरून आणखी काहीतरी येतंय, सारखं, पुटपुटल्यासारखं. कान देऊन ऐकलं. गोदाआत्या बुवांबरोबर कीर्तन म्हणत होत्या. बरोबर कसलं, अर्धं वाक्य पुढे! बुवा ज्या शब्दाकडे निघाले असत, तिथे त्या आधीच पोचलेल्या. जप करावा तसं चाललं होतं, कोणासाठीच नव्हे.

आख्यान स्मशानापर्यंत आलं. तारामती मेलेल्या रोहिदासाला घेऊन आली, आणि रखवालदार झालेल्या हरिश्चंद्रानं, तिला न ओळखता, स्मशानाचा कर मागितला. बुवांनी हात पसरला, तोंड उघडलं आणि थांबले. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. एकदा झालं, दोनदा झालं.  बुवांना पुढचे शब्द आठवत नव्हते. चिटणीसांचं घड्याळ पुन्हा बाहेर आलं. मी आवाज देतो म्हणालो होतो, आठवण कुठून देणार?

आणि भोंग्यांतून बाईचा आवाज आला, शांत, जराही न चढवता:

"रखवालदारा, कर मागतोस? ह्या लेकराच्या अंगावर माझ्या लुगड्याचं अर्धं आहे. उरलेलं अर्धं माझ्या अंगावर आहे. ह्यातलं कोणतं अर्धं फाडून देऊ, ते तूच सांग."

घाटावर कोणी हललं नाही. नावाड्यांनी वल्ही थांबवली. बुवांनी एकदा वर पाहिलं, मग मान खाली घालून हरिश्चंद्राचं उत्तर दिलं. वरून तारामती बोलली. पुन्हा बुवा. पुन्हा ती. पाव घटका हे चाललं. आत्यांना वाटत होतं आपण फक्त भावाला ऐकू जाईल एवढं बोलतोय. बाहेर लोकांना वाटत होतं बुवांनी यंदा काहीतरी अपूर्व योजलंय. मी डब्यापाशी बसून रडत होतो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आरती झाल्यावर लोकांनी बुवांच्या पायांवर डोकी ठेवली. चिटणीस म्हणाले, "बुवा, ग्वाल्हेर राहू दे. पुढल्या सालीही तुम्हीच. पण तारामतीसकट!" एवढ्यात डोळे पुसत दरोगा वही घेऊन पुढे आला.

"पंडितजी, कथा बहुत सुंदर हुई. लेकिन परवाने में एक ही नाम है. यह जनाना आवाज़ किसकी थी? नाम न मिला तो मशीन थाने जाएगी और परवाना रद्द."

 गोदाआत्यांचं नाव ठाण्याच्या वहीत? बुवांनी मात्र शांतपणे उपरणं सावरलं. "हुज़ूर, कथा हरिश्चंद्र की थी. तारामती न बोलती तो और कौन बोलता?"

दरोग्यानं सज्जाच्या चिकाकडे पाहिलं. मग पेन्सिल ओली करून वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "मुसम्मात तारामती, ज़ौजा राजा हरिश्चंद्र, साकिन बनारस." म्हणजे तारामतीबाई, राजा हरिश्चंद्राची बायको, राहणार बनारस. वही मिटून प्रसाद घेऊन तो गेला. पुढच्या आठवड्यात ठाण्याचा शिपाई तारामतीचा घर-नंबर विचारत आला, ते निराळं. त्याला आम्ही हरिश्चंद्र घाटावरच्या स्मशानात पाठवलं.

तारा गुंडाळताना बुवा माझ्याजवळ येऊन बसले. "दामोदर, वडिलांनी शिकवलं मला. ताई दाराआड गहू निवडत बसायची. पाठ झालं ते तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाल्यानं खालून आत्यांना विचारलं, "माताजी, लड्डू की चाशनी कच्ची रह गई थी का?" मग काय! मला बोलावणं आलं. मथुराबाईंनी अबोला धरल्याबद्दल मला यथास्थित झापून झाल्यावर आत्या थांबल्या, आणि तांदळाच्या सुपाकडे बघत हळूच म्हणाल्या, "आणि तारामतीचं? तेही गेलं का रे बाहेर?"

"सगळं गेलं."

"कसा आला आवाज?"

त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी त्यांच्या आवाजाबद्दल चार चांगले शब्द बोलायची संधी मिळाली होती. आणि मी गाढव, कारागीर गाढव, म्हणालो, "पातळ आला आत्या. खोका दोन हात लांब होता ना."

"असं होय," म्हणाल्या, आणि खडे वेचायला लागल्या. मी जिना उतरलो. ते उत्तर मला आजही छळतं. गवयांना मी 'वाहवा' म्हणायला कधी चुकलो नाही; आणि जिला आधी कुणीच म्हटली नव्हती, तिला मी अंतर सांगत बसलो.

पुढल्या साली मी परवाना काढायला गेलो, तेव्हा बुवांच्या नावाखाली मुसम्मात तारामती हे नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. दरोग्यानं काही न विचारता ठप्पा मारला. उत्सवाच्या दिवशी दोन नवे माइक घेऊन गेलो. वर सज्जाकडे पाहतो तर दोरी खाली सोडलेली, आणि तिच्या टोकाला धुऊन पुसून ठेवलेली रिकामी टोपली. ती कुणी सोडली हे विचारायची गरज नव्हती. मी एक माइक तिच्यात ठेवला, तार मोकळी केली, आणि टोपली वर गेली, कठड्याच्याही वर, चिकाआड.

खालून म्हटलं, "आत्या, यंदा चार बोटांवर बोला. आवाज भरून येईल. फार चांगला आहे तुमचा आवाज."

 डबा मी आधीच चालू करून ठेवला होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. मग दोन्ही भोंग्यांतून, भरदार, खर्जासकट, अख्ख्या घाटाला ऐकू गेलं:

"ह्याला कोणाचं पान लागलेलं नाही ना रे, दामू?"